फुटबॉल क्लबचे हिशेब कसे वाचावेत : अनेक खेळ पाहणाऱ्या चाहत्यांसाठी

फुटबॉल क्लबच्या पैशांविषयी चाहत्यांना पडणारे प्रश्न साधारण तेच ते असतात. खेळाडू कोट्यवधींना विकला, तरी क्लब तोट्यात कसा? मालक गडगंज आहे, मग जानेवारीत एकही नवा खेळाडू का येत नाही? आयपीएलचे संघ नफ्यात चालतात, तर दीडशे वर्षांचे इंग्लिश क्लब कर्जात का बुडतात? यातला तिसरा प्रश्न विशेषतः क्रिकेट, कबड्डी आणि फुटबॉल असे दोन-तीन खेळ एकाच वेळी पाहणाऱ्यांना पडतो, कारण एका खेळाचे आर्थिक गणित दुसऱ्याला लावण्याची सवय सहज जडते.

या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी क्लबच्या वार्षिक हिशेबांत असतात आणि इंग्लंडमधल्या क्लबचे हिशेब जगातल्या कोणालाही फुकट पाहता येतात. त्यासाठी सनदी लेखापाल असण्याची गरज नाही. कुठली पाने उघडायची आणि कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढे कळले तरी पुरते. उदाहरणासाठी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब मराठी वाचकाला सोयीचा आहे. १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज समूहाकडे आहे.

आधी योग्य कंपनी शोधा

क्लब म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एक कंपनी, आणि बहुतेक वेळा एकावर एक रचलेल्या अनेक कंपन्या. ब्रिटनमधल्या सर्व कंपन्यांची कागदपत्रे ‘कंपनीज हाऊस’ या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवलेली असतात. तिथे क्लबचे नाव टाकल्यावर एकाहून जास्त कंपन्या दिसतात आणि पहिली चूक इथेच होते. ब्लॅकबर्नच्या बाबतीत प्रत्यक्ष क्लब चालवणारी कंपनी वेगळी आणि तिच्यावरची ‘व्यंकीज लंडन लिमिटेड’ वेगळी. पगार, तिकिटे, खेळाडूंची खरेदी-विक्री खालच्या कंपनीत दिसते. मालकाने किती पैसा ओतला, याचे चित्र वरच्या कंपनीचे हिशेब जोडीला ठेवल्याशिवाय पुरे होत नाही.

आणखी एक गल्लत भारतात नेहमी होते. ‘व्यंकीज इंडिया’ ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. तिचा शेअर घेतला म्हणजे ब्लॅकबर्नचा हिस्सा घेतला, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात क्लबची मालकी समूहातल्या ‘व्यंकटेश्वरा हॅचरीज’ या खासगी कंपनीकडून लंडनच्या कंपनीमार्फत येते. क्लब जिंकला-हरला म्हणून तो शेअर हलण्याचे कारण नाही.

कंपनीच्या पानावर तीन गोष्टी पाहा :

- दाखल कागदपत्रांची यादी. त्यात ‘पूर्ण हिशेब’ किंवा ‘समूहाचे हिशेब’ असे लिहिलेली अलीकडची फाइल उघडावी.
- आर्थिक वर्षाची अखेर. बहुतेक क्लबचे वर्ष ३० जूनला किंवा त्याच्या आसपास संपते. खासगी कंपनीला हिशेब सादर करायला नऊ महिन्यांची मुदत असते. म्हणून एप्रिलमध्ये हाती पडणारा आकडा गेल्या हंगामाचा असतो, चालू हंगामाचा नव्हे. वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांत हा फरक बहुधा हरवतो.
- तारण-नोंदी. क्लबने मैदान, पुढची टीव्हीची रक्कम किंवा येणे असलेली ट्रान्सफर फी गहाण टाकली असेल, तर कर्ज देणाऱ्याचे नाव इथे सापडते.

हिशेब मुदतीत आले नाहीत, तर ती स्वतःच एक बातमी समजावी. अडचणीतले क्लब बरेचदा इथेच पहिल्यांदा अडखळतात.

उत्पन्न : तीन नळ

क्लबचे उत्पन्न तीन भागांत दाखवतात : सामन्याच्या दिवसाची कमाई, प्रक्षेपणाचे पैसे आणि व्यापारी उत्पन्न, म्हणजे जर्सीवरचे प्रायोजक, वस्तूंची विक्री वगैरे. कोणता नळ मोठा आहे त्यावर क्लबचा धोका ठरतो.

१९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाल्यापासून वरच्या विभागात टीव्हीचा नळ सर्वांत मोठा झाला. देशांतर्गत हक्कांच्या पैशातला निम्मा भाग सर्व वीस क्लबना समान मिळतो, पाव भाग गुणतक्त्यातल्या क्रमांकानुसार आणि उरलेला पाव भाग किती सामने प्रक्षेपित झाले त्यानुसार. तळाच्या तीन क्लबची दरवर्षी चॅम्पियनशिप या दुसऱ्या विभागात घसरण होते आणि हा नळ एका उन्हाळ्यात बारीक होतो. त्या धक्क्यासाठी ‘पॅराशूट पेमेंट’ नावाची घटती रक्कम जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते. तेवढ्यात परत वर चढता आले नाही, तर तीही थांबते. ब्लॅकबर्न २०१२ मध्ये घसरला, २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली जाऊन पुढच्या वर्षी परतला, आणि प्रीमियर लीगमध्ये मात्र पुन्हा पोहोचलेला नाही. २०१२ ची घसरण पक्की झाली त्या सामन्यात नाराज चाहत्यांनी क्लबच्या रंगांत गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. कुक्कुटपालनातून मोठ्या झालेल्या मालकांना दिलेला तो टोमणा इंग्लंडमध्ये अजून आठवला जातो. हिशेबाच्या दृष्टीने मात्र त्या दिवसाची खरी हानी टीव्हीच्या पैशाची होती.

पगाराचे प्रमाण : पहिली कसोटी

एकच आकडा पाहण्याइतका वेळ असेल, तर एकूण पगारखर्चाला एकूण उत्पन्नाने भागावे. चॅम्पियनशिपमधल्या अनेक क्लबमध्ये हे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे तिकिटे, टीव्ही आणि प्रायोजक यांचा सगळा पैसा पगारातच संपतो, आणि वीजबिलापासून गवतापर्यंत बाकी सर्व मालकाच्या खिशातून किंवा खेळाडू विकून. वर चढण्याच्या आशेवर घेतलेली ही जुगारी जोखीम आहे आणि चोवीस क्लबपैकी ती दरवर्षी तिघांचीच फळते.

युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने आपल्या स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबवर संघखर्चाची मर्यादा घातली असून २०२५-२६ पासून ती उत्पन्नाच्या ७० टक्के आहे. यात पगार, ट्रान्सफर फीचा वार्षिक भाग आणि एजंटांचे पैसे मोजले जातात. प्रीमियर लीगने २०२६-२७ पासून याच धर्तीवर ८५ टक्क्यांची मर्यादा स्वीकारली आहे. कुठल्याही क्लबचा आकडा या दोन रेषांशेजारी ठेवून पाहिला की पुढच्या ट्रान्सफर विंडोतल्या अफवांपैकी निम्म्या आपोआप गळून पडतात.

ट्रान्सफर फी : सर्वाधिक गैरसमज इथे

खेळाडूसाठी दिलेली रक्कम हिशेबात एकाच वर्षी खर्च म्हणून पडत नाही. करार जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांत ती समान वाटली जाते. याला अमॉर्टायझेशन म्हणतात. समजा, एका क्लबने ५ कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. दरवर्षी १ कोटी खर्ची पडतात. दोन वर्षांनी वहीत त्याची किंमत ३ कोटी उरते. त्या वेळी तो ४ कोटींना विकला, तर चाहते म्हणतात १ कोटी बुडाले. हिशेब सांगतो १ कोटीचा नफा झाला. आपापल्या जागी दोघेही बरोबर आहेत, पण लीगचे नियम हिशेबाचे ऐकतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, लांब करार म्हणजे छोटा वार्षिक खर्च. चेल्सीने २०२२-२३ मध्ये एन्झो फर्नांडेझ आणि मिखाइलो मुद्रिक यांना साडेआठ वर्षांचे करार दिले ते उगाच नव्हेत. त्यानंतर युएफाने आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगनेही फी वाटण्याची मुदत पाच वर्षांवर आणली.

दुसरी गोष्ट चाहत्याला जास्त बोचणारी आहे. क्लबच्या अकादमीत वाढलेल्या खेळाडूची वहीतली किंमत शून्य असते, म्हणून त्याच्या विक्रीची जवळपास सगळी रक्कम नफा ठरते. ब्लॅकबर्नने आपल्याच गावचा, आपल्याच अकादमीत घडलेला ॲडम व्हॉर्टन फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला. ‘घरचा मुलगा का विकला?’ या प्रश्नाचे उत्तर बरेचदा प्रशिक्षकाकडे नसून लेखापालाकडे असते. नियमांनी क्लबना घरचेच खेळाडू विकायला प्रवृत्त करावे, ही या व्यवस्थेतली खरी विकृती आहे.

नफा वेगळा, रोकड वेगळी

ट्रान्सफर फी बहुधा हप्त्यांनी दिली-घेतली जाते. म्हणून हिशेबाच्या शेवटच्या टिपा वाचाव्यात. मथळ्यातल्या आकड्यापेक्षा त्या अधिक बोलक्या असतात. त्यांत ही माहिती शोधा :

- एका वर्षाच्या आत इतर क्लबना किती देणे आहे आणि त्यांच्याकडून किती येणे आहे.
- अमुक सामने खेळल्यास किंवा वरच्या विभागात गेल्यास द्यावयाच्या सशर्त रकमा.
- वर्ष संपल्यानंतर झालेली खरेदी-विक्री. ती वेगळ्या टिपेत असते.
- कंपनी पुढे चालू राहू शकेल का, याबद्दल संचालक आणि लेखापरीक्षक काय म्हणतात. ‘मालकाच्या पाठिंब्यावर अवलंबून’ आणि ‘लक्षणीय अनिश्चितता’ असे शब्द आले, तर क्लब एका माणसाच्या किंवा एका समूहाच्या इच्छेवर उभा आहे असे समजावे.

रोकड संपली की काय होते, हे लीड्स युनायटेडने दाखवले. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत खेळलेल्या या क्लबने पुढच्या यशाच्या भरवशावर कर्जे काढली. यश आले नाही. २००४ मध्ये तो घसरला आणि २००७ मध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये, म्हणजे न्यायालयीन देखरेखीखालच्या व्यवस्थापनाकडे गेला. पोर्ट्समथवर २०१० मध्ये हीच वेळ आली. प्रीमियर लीगमध्ये असताना असे झालेला तो पहिला क्लब. बरी हा क्लब तर ऑगस्ट २०१९ मध्ये फुटबॉल लीगमधूनच काढला गेला.

मालकाचा पैसा : भांडवल की कर्ज?

‘मालकाने इतके कोटी ओतले’ या वाक्याला हिशेबात दोन अर्थ असू शकतात. पैसा भागभांडवल म्हणून आला असेल, तर तो परत मागता येत नाही. कर्ज म्हणून आला असेल, तर बिनव्याजी असला तरी ते क्लबचे देणेच राहते. रोमान अब्रामोविच यांनी चेल्सीला दिलेले सुमारे दीड अब्ज पौंडांचे कर्ज २०२२ च्या विक्रीत सोडून दिले गेले. ती परिस्थिती असाधारण होती. प्रत्येक मालकाकडून तशी अपेक्षा धरता येणार नाही. याच्या उलट टोकाला मँचेस्टर युनायटेड आहे. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तो बराचसा कर्जाऊ पैशाने, आणि त्या कर्जाचा भार क्लबवरच आला.

पैसा कुठून आणि कोणत्या वाटेने येतो, हेही पाहावे. ब्लॅकबर्नच्या मालकांनी वर्षानुवर्षे तोटा भरून काढला आहे. परंतु भारतातून क्लबसाठी रक्कम पाठवण्याचा प्रश्न अलीकडच्या काळात दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि परवानगीशिवाय पैसा हलेना. मालक श्रीमंत असूनही क्लबचा हात आखडू शकतो, तो असा.

मालकाने मैदान ‘विकत घेतले’ अशी टीप दिसली, तर थांबून वाचावे. डर्बी काउंटीने आपले प्राइड पार्क मैदान मालकाच्याच कंपनीला सुमारे ८ कोटी पौंडांना विकून कागदावर नफा दाखवला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, दोन शिक्षा मिळून २१ गुण कापले गेले आणि तो तिसऱ्या विभागात घसरला. चेल्सीने आपली दोन हॉटेले आणि नंतर महिला संघ समूहातल्याच कंपन्यांना विकला. प्रीमियर लीगने ते चालवून घेतले, युएफाने असा नफा मोजायला नकार दिला. घरातल्या घरात झालेल्या विक्रीचा नफा वजा करून उरलेला आकडा पाहणे, हाच शहाणा मार्ग.

नियम मोडल्यास गुणांवर परिणाम

प्रीमियर लीगच्या ‘पीएसआर’ या तोट्यावर मर्यादा घालणाऱ्या नियमांनुसार तीन वर्षांत कमाल १० कोटी ५० लाख पौंडांचा तोटा चालत असे, तोही मालकाने त्यातला बराच भाग भांडवलाने भरून काढला तर. चॅम्पियनशिपमध्ये ही मर्यादा ३ कोटी ९० लाख. अकादमी, महिला संघ आणि मैदानाच्या बांधकामावरचा खर्च यातून वगळतात, म्हणून जाहीर झालेला तोटा आणि नियमासाठी मोजलेला तोटा कधीच जुळत नाही. एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले गेले, अपिलात ती शिक्षा सहा गुणांवर आली आणि एप्रिल २०२४ मध्ये आणखी दोन गुण गेले. नॉटिंगहम फॉरेस्टचे चार गेले. शेफील्ड वेन्सडे ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये जाताच बारा गुण गमावून बसला.

क्रिकेट-कबड्डीचा चष्मा बाजूला ठेवा

आयपीएल फ्रँचायझीची घसरण होत नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे माध्यमहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आहेत आणि त्यातला वाटा दहाही संघांना मिळतो, संघ तळाला असला तरी. शिवाय खेळाडूंवरच्या खर्चाला छत आहे : २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी. उत्पन्न जवळपास निश्चित आणि सर्वांत मोठा खर्च बांधलेला, अशा रचनेत नफा होणे यात व्यवस्थापनाचे फार कौतुक नाही. प्रो कबड्डीतही लिलावाची मर्यादा आहे, म्हणून यू मुम्बा किंवा पुणेरी पलटण एका हंगामाच्या वेडापायी कर्जबाजारी होण्याची शक्यता कमी. अमेरिकन फुटबॉलची एनएफएल लीगही याच जातीची : घसरण नाही, राष्ट्रीय टीव्हीचा पैसा समान.

भारतीय फुटबॉल दोन्हींच्या मध्ये लोंबकळते. इंडियन सुपर लीगची रचना आयपीएलसारखी, पण टीव्हीचा पैसा तसा नाही. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे जुने क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. लीग चालवण्याचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत आल्याने इंडियन सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. इथे एखाद्या क्लबच्या हिशेबापेक्षा लीगचा करार केव्हा संपतो, हे आधी पाहावे.

भारतीय संघांच्या कंपन्यांचे हिशेब केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून मिळतात. मुंबई इंडियन्ससाठी रिलायन्स समूहातली ‘इंडियाविन स्पोर्ट्स’, चेन्नईसाठी ‘चेन्नई सुपर किंग्ज क्रिकेट लिमिटेड’ असा शोध घ्यावा. क्लब खासगी कंपनी असल्याने त्याला माहिती अधिकाराचा अर्ज करता येत नाही.

स्वतःचा पैसा गुंतवण्यापूर्वी

- शेअर. मँचेस्टर युनायटेड न्यूयॉर्कच्या, बोरुसिया डॉर्टमुंड जर्मनीच्या शेअर बाजारात आहे. भारतातून परदेशी शेअर घेता येतात, वर्षाला एका व्यक्तीमागे अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत. पण मतदानाचे खरे बळ सामान्य शेअरधारकाकडे बहुधा नसते.
- न नोंदलेले शेअर. चेन्नई सुपर किंग्जचे शेअर बाजाराबाहेर हातोहात विकले जातात. विकायच्या वेळी गिऱ्हाईक मिळेलच असे नाही.
- हौसेचे शेअर. एनएफएलमधल्या ग्रीन बे पॅकर्स या संघाने २०२१-२२ मध्ये तीनशे डॉलरला एक शेअर विकला. त्यावर लाभांश नाही, नफ्याने पुनर्विक्री नाही. ती देणगीच आहे, आणि पॅकर्सही ते लपवत नाहीत.
- फॅन टोकन. क्लबच्या नावाने विकल्या जाणाऱ्या या आभासी नाण्यांतून मालकी मिळत नाही. गोल झाल्यावर वाजवायच्या गाण्यासाठी मत देण्याइतका अधिकार मिळतो. भारतात आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. यापासून दूर राहणे उत्तम.
- वर्गणी. प्रक्षेपणाचे हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे जातात. तीन खेळ पाहणाऱ्याने वार्षिक वर्गणी भरण्यापूर्वी पुढच्या हंगामाचे हक्क त्याच ॲपकडे आहेत का, हे तपासावे. आयपीएल मार्च ते मे, प्रीमियर लीग ऑगस्ट ते मे. केवळ आयपीएलसाठी बारा महिन्यांचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

हक्क कुठे बजावता येतात

इंग्लंडमध्ये २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याने स्वतंत्र नियामक आला आहे. क्लबना महत्त्वाच्या निर्णयांत चाहत्यांशी सल्लामसलत करावी लागते आणि मैदान, बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग मनमानीने बदलता येत नाहीत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी चाहत्यांना आपल्या क्लबच्या सपोर्टर्स ट्रस्टचे सदस्य होऊन यात भाग घेता येतो.

भारतात चाहता हा ग्राहक आहे. वर्गणी आपोआप कापली जात असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान चोवीस तास आधी सूचना मिळायला हवी. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन ती परवानगी केव्हाही रद्द करा. रद्द झालेल्या सामन्याचा परतावा किंवा न मिळालेली सेवा याबद्दल आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. तेवढ्याने भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही आणि वकील देण्याचीही सक्ती नाही.